उजवा पाय

इमरेन्सियाआजीला स्वतःच्या तळपायाची खबर नेहमी दुसऱ्याकडूनच मिळायची. एकोणिसाव्या वर्षी अंगावर चट्टे उठले आणि सासरच्यांनी तिला नदीपलीकडच्या कुष्ठवस्तीत आणून सोडलं, ते कायमचंच. औषधानं रोग गेला. पण जाताना हातांची बोटं वाकवून गेला आणि पायांतली जाणीव घेऊन गेला. काटा रुतो की निखारा लागो, तिला पत्ता नसे. पुढे डोळेही अधू झाले.

म्हणून बिशप अनास्तास बारला हे दर शनिवारी यायचे. एकदोन नव्हे, सव्वीस वर्षं. मोहाच्या झाडाखाली फटफटी लावायची, दोरीनं विणलेल्या बुटक्या माचीवर बसायचं, आजीचा पाय कोमट पाण्यात भिजवायचा, मग मांडीवर घेऊन मेलेली कातडी ब्लेडनं खरवडायची आणि तळवा उजेडाकडे धरून नीट बघायचा. एकदा डाव्या पायातून चपलेचा खिळाच निघाला.

"आठवडाभर ह्याच्यावर नाचत होतीस?" बिशप तडकले.

"मग लवकर यायचं होतं," आजी म्हणाली.

एवढ्या मोठ्या धर्मगुरूशी असं बोलतात का, म्हणून वस्तीतली माणसं तिला दटावायची. पण ती कुणाला बधणारी नव्हती, आणि बिशपही तिच्या हातची हंडिया, ती तांदळाची आंबवलेली दारू, अर्धी वाटी घेतल्याशिवाय उठत नसत.

गेल्या वसंतात, सरहुलाच्या सणाआधी ते वारले. त्यानंतर बिशपांच्या कचेरीतून बँडेजचा खोका दर महिन्याला बिनचूक येऊ लागला. पण बांधणार कोण? शेजारच्या पत्रुसची बोटं तिच्यापेक्षाही वाईट. हिवाळ्यात डाव्या पायाला वास येऊ लागला, तेव्हा इस्पितळातल्या डॉक्टरांनी सांगून टाकलं की जखम हाडापर्यंत गेली तर पाय गुडघ्याखाली कापावा लागेल, रोज कुणीतरी उघडून बघत जा. ते चांगले डॉक्टर होते. फक्त 'कुणीतरी' म्हणजे कोण, ते त्यांनी कागदावर लिहिलं नाही.

मग चर्चमध्ये वर्षश्राद्धाची मिस्सा ठरली. दिवंगत बिशपांच्या सेवेची आठवण म्हणून नवे बिशप वस्तीतल्या बारा जणांचे पाय धुणार होते, आणि यादीत पहिलं नाव आजीचं. तिनं मनाशी पक्कं केलं, डावा पाय पुढे करायचा. एकदा डोळ्यांनी जखम बघितली की हा माणूस गप्प बसणार नाही.

"येसूनं बारा जणांचे धुतले," ती पत्रुसला म्हणाली, "ह्याला माझा एक बघायला काय होतंय?"

पण वेदीपुढे मळके पाय घेऊन कुणी जात नाही. धुतले जाणारे पाय आधीच धुऊन न्यायचे, ही इथली रीतच. सकाळी मठातून आलेल्या सिस्टर तेओदोरानं बाराही जणांना विहिरीवर बसवून खसाखसा धुतलं, तेल लावलं आणि आजीच्या जुन्या पट्टीवर नवी पांढरी पट्टी गुंडाळली.

आतलं बघ गं, असं आजी म्हणालीही. सिस्टर म्हणाली, आत्ता सोडलं तर वाहील, उद्या नक्की बघते. दोनशे माणसांचा भात शिजायचा होता आणि सिस्टरला दोनच हात होते. रागवायचं तरी कुणावर?

मिस्सेत दिवंगत बिशपांच्या सेवेची हकिगत वाचली गेली. लोक रडले, आजीही ढसाढसा रडली. मग मांदराचे ढोल वाजू लागले, गाणं सुरू झालं, आणि नवे बिशप तिच्यासमोर गुडघे टेकून बसले. आजीनं डावा पाय पुढे केला.

"आजी, उजवा," घंगाळ धरलेली सिस्टर कुजबुजली. धुतात तो उजवाच.

आजीनं पाय हलवला नाही. "हा बघा ना," ती म्हणाली.

बिशपांनी पांढऱ्याशुभ्र पट्टीवर हळुवार हात ठेवला. त्यांना मनापासून कळवळा आला होता. "फार दुखतो का, आजी?"

वेदीपुढे खोटं बोलायची तिची छाती नव्हती. "नाही," ती म्हणाली.

त्यांचा चेहरा उजळला. पट्टीवर क्रूसाची खूण करून त्यांनी उजव्या पायावर पाणी ओतलं, तो पुसला, त्याचं चुंबन घेतलं. आजी पुढचं बोलेपर्यंत ते पत्रुसपाशी पोचले होते.