दोन सुतांचा फरक

नापमामांच्या सदऱ्याच्या खिशात पेन कधी नसायचं, सहा इंची स्टीलची पट्टी असायची. मामा म्हणजे माझ्या आईचे थोरले भाऊ; दिसेल त्याचा नाप, म्हणजे माप, घेत म्हणून नापमामा. रेल्वेच्या वर्कशॉपात अख्खी नोकरी डब्यांची चाकं मापण्यात गेली आणि निवृत्तीनंतर मापायला जग मोकळं झालं. माझ्या सासरी पहिल्यांदा आले तेव्हा त्यांनी सासूबाईंना, तुमच्या जिन्याची तिसरी पायरी अर्धा इंच उंच आहे, असं मोठ्या आपुलकीने सांगितलं होतं. सासूबाई अजूनही ती पायरी उतरताना माझ्याकडे बघतात.

आमच्या मोहल्ल्यात, तात्यापाऱ्यात, त्यांना खरेदीला कोणी सोबत नेत नसे. न्यायची पाळी माझ्यावर आली. माझी रोपवाटिका आहे. रोपं पोहोचवायला मी एक जुना पिकअप घेतला होता. त्याच्या चाकांच्या रिम गंजून वाकल्या होत्या आणि हवा टिकत नव्हती. गुढियारीच्या बाजारातल्या एका दुकानात मला रुंद, चकचकीत रिम भारी आवडल्या. मामांनी त्यांच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. म्हणाले, "गाडीले पायतान घ्याचं आहे, पोट्टी. दागिना नाही."

त्यांची पद्धत अशी की रिकाम्या गाडीवर चाक पसंत करायचंच नाही. "उपाशी माणसाचा सदरा शिवते काय कोणी?" असं विचारून त्यांनी माझ्याकडून साठ कुंड्या गाडीत चढवून घेतल्या, स्टिअरिंग दोन्ही बाजूंना शेवटापर्यंत वळवायला लावलं आणि स्वतः गुडघे टेकून चाक अन् मडगार्ड यांच्यात बोटं घालून पाहिली. रुंद चाक इथं घासलं असतं, हे मलाही दिसलं. मग साठ कुंड्या उतरवल्या. त्यातल्या दोन फुटल्या, त्याचं खापर माझ्यावर आलं.

खरा नाप त्यानंतर. रिमचं मधलं भोक हबवर, म्हणजे आसाच्या टोकाच्या गोल उंचवट्यावर, नेमकं बसलं पाहिजे. मोठं झालं तर सगळा भार बोल्टांवर येतो आणि लहान झालं तर चाक बसतच नाही. "एक सूत म्हंजे फरकच होय," हे मामांचं आवडतं वाक्य; सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. त्यांनी हबवर पट्टी धरली. बघता बघता माझ्या लक्षात आलं की ते रेघा वाचत नव्हते, अंगठ्याने चाचपत होते. मग त्यांनी ठामपणे आकडा सांगितला आणि माझं पेन घेऊन चिठ्ठीवर लिहिला. मला पट्टीवर दोन सूत जास्त दिसत होते.

मी बोलले नाही. मामा चुकले, असं आमच्या घरात कोणी कधी म्हटलंच नव्हतं. शिवाय दुकानदार मापून घेईलच, अशी मी स्वतःची समजूत घातली. चिठ्ठी दुकानात दिली तेव्हा तो बिचारा म्हणालाही, "चाचाजी, एक बार हम भी नाप लें?" मामांनी त्याच्याकडे असं पाहिलं की त्याने चिठ्ठी मुकाट्याने गल्ल्यात ठेवली.

रिम आल्या. मेकॅनिकने पहिली उचलून हबवर टेकवली आणि ती तिथेच अडली. "दीदी, नाप किसने लिया था?" त्याने विचारलं. मामा शेजारीच उभे होते. माझ्या तोंडून निघून गेलं, "दुकानवाले ने गलत दे दिए."

मामांना स्फुरण चढलं. "चल गुढियारीले! त्याले दाखवतो मी!" मी दहा कारणं सांगून पाहिली. ते गाडीत जाऊन बसलेही होते.

दुकानात चार गिऱ्हाइकं होती. मामांनी सर्वांसमोर दुकानदाराची खरडपट्टी काढली. त्याने शांतपणे गल्ल्यातून चिठ्ठी काढून पुढे केली. मामांनी ती डोळ्यांजवळ नेली, मग लांब धरली, मग माझ्याकडे दिली. "वाच."

मी आकडा वाचला. त्यांनी खिशातली पट्टी काढून एका रिमच्या भोकावर ठेवली आणि म्हणाले, "आता हे पण तूच पाह्य." तोच आकडा होता.

मामांनी पट्टी खिशात ठेवली. मग त्यांनी दुकानदारापुढे हात जोडले. "भैया, गलती हमारी है." तो ओशाळला, बदलून देतो म्हणाला, चहा मागवू लागला. मी रचलेल्या टायरांकडे बघत उभी राहिले.

परतताना मामांनी विचारलं, "तुले तवाच दिसलं होतं काय?"

"नाही मामा," मी म्हणाले.

त्यांनी पुन्हा विचारलं नाही. मामा गेले त्याला आता दोन वर्षं होतील. डोळे अधू झाल्याचं त्यांना घरात, माझ्या तोंडून कळायला हवं होतं. ते चार परक्या माणसांसमोर कळलं; लपवलं मी, आणि हात मात्र त्यांना जोडावे लागले.