अयुथयात ताईची सायकल

माझी ताई एकोणसाठाव्या वर्षी सायकल शिकली, ती अयुथयासाठी. थायलंडच्या या जुन्या राजधानीतले भग्न विहार मी तिला फोनवर दाखवले, तर तिनं एकच विचारलं, "तिथं सायकलवर फिरता येतं का?"

ताई गंगापूरच्या शाळेतून निवृत्त झालेली शिक्षिका. सगळा जन्म एसटीत, जीपमध्ये, नाहीतर भाऊजींच्या स्कूटरवर मागं बसून गेला. "एकदा तरी हँडल माझ्या हातात पाहिजे," म्हणाली. मग तीन महिने उस्मानपुऱ्यातल्या आमच्या गल्लीत रोज पहाटे सराव. शिकवायला मी.

बँकॉकहून रेल्वेनं दीड तास. स्टेशनसमोरचा रस्ता सरळ नदीवर जातो. होडीनं पलीकडं उतरलं, की सायकली भाड्यानं मिळतात, दिवसाला साधारण पन्नास-साठ बाथ. ब्रेक स्वतः दाबून बघा. वाहनं आपल्यासारखीच डावीकडून चालतात, हा मोठा दिलासा. सकाळी लवकर निघा, दहानंतरचं ऊन आपल्या मे महिन्यासारखं भाजतं.

पहिला थांबा वाट महाथात. वाट म्हणजे विहार. तिथं झाडाच्या मुळांत अडकलेलं बुद्धाचं दगडी शिर आहे. फोटो काढायचा तर खाली बसून, आपलं डोकं बुद्धाच्या शिरापेक्षा वर नको म्हणून. ताईनं फोन बाहेर काढलाच नाही. चपला काढून गुडघे टेकले आणि हळू आवाजात 'बुद्धं सरणं गच्छामि', त्रिसरण सुरू केलं. शेजारच्या थाई आजीनं चमकून बघितलं, मग तीही म्हणू लागली. चाल वेगळी, शब्द तेच. उठल्यावर दोघी नुसत्या हसल्या.

जेवलो नदीकाठी. नूडल्सचे वाडगे इतके छोटे, की दोघींना पाच लागले.

वाट चायवत्तनाराम नदीपल्याड आहे, मधे वर्दळीचा पूल. पुलाच्या चढावर मागून ट्रकचा हॉर्न आला, ताई डगमगली आणि कडेला पडली. गुडघा सोलवटला. मी म्हटलं, "बास झालं ताई. रिक्षा करू."

"नाय. एवढं लांब येऊन परत मागंच बसू व्हय?"

"अगं, रक्त येतंय!"

"येऊ दे. धुतलं की थांबतंय."

पुलाखाली फळं विकणारी बाई पाण्याची बाटली घेऊन धावत आली. तिनं जखम धुतली, ताईला सायकलवर बसवलं आणि तिच्या पायांकडं बोट दाखवलं. टाचाच काय, चवडेही धड टेकत नव्हते. सीट सकाळी मी लावली होती, माझ्या उंचीनं. बाईनं दांडा सैल करून सीट चार बोटं खाली घेतली.

ताई माझ्याकडं बघून एवढंच म्हणाली, "मला वाटलं, माझंच चुकतंय."

ती पूल चढून गेली, एकदाही न थांबता. पलीकडं लाल विटांच्या मनोऱ्यांसमोर माझी वाट बघत उभी होती, घामानं चिंब, दोन्ही पाय जमिनीवर.

परतून महिना झाला. लोक फोटो मागतात, मी विहारांचे पाठवते. परवा ताई घरून एकटीच सायकलवर निघाली होती, वैजापूरकडच्या रस्त्यावर कुठंतरी. "थांब, मीही येते," असं अगदी ओठांवर आलं होतं. मी ते गिळलं आणि फाटक उघडून दिलं.