उघडी फाईल आणि सरकलेलं बोट

आमची पेढी विजेच्या सामानाची. पंखे, बटणं, दारावरच्या बेल. बुधवार पेठेत खाली दुकान, वर माळ्यावर काचेची खोली, आणि त्या खोलीत आमचं मिडरेंज मशीन. घरातल्या कॉम्प्युटरचा हा थोरला काका आणि बँकांच्या अवाढव्य मशीनचा धाकटा भाऊ. साऱ्या पेढीची बिलं तो एकटा करतो.

दुपारी जेवून मी तिथे बसतो. एसीचा गारवा, मशीनची एकसुरी घूंघूं, काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं. खालचे हॉर्न काचेतून वर येईपर्यंत धुऊन निघतात. वाटतं, आपण तळ्याच्या तळाशी बसलोय आणि डोळ्यांसमोर शेवाळ हलतंय. घरी या अवस्थेला झोप म्हणतात. पेढीवर मी तिला विचार म्हणतो.

गेल्या पावसाळ्यात मी अशाच एका विचारात असताना मालक जिना चढून आले. ते चढतात तेव्हा आपल्यावर काहीतरी उतरणार हे ठरलेलं. बिल यायला इतका वेळ लागतो की गिऱ्हाइकाला चहा पाजावा लागतो, आणि चहा संपला तरी बिल येत नाही, अशी त्यांची तक्रार. नवी यंत्रणा विकणारा एक जण येऊन गेला होता, हेही त्यांनी सहज सांगितल्यासारखं सांगितलं. मग जिन्याकडे वळत म्हणाले, "दिवाळीपर्यंत चहाच्या आधी बिल यायला हवं. नाहीतर तुम्ही दोघंही मोकळे."

मी आजूबाजूला पाहिलं. खोलीत मी आणि मशीन, एवढेच होतो. त्याची भाषा मला स्वप्नातही येते, पण ती बोलणाऱ्या माणसाला पन्नाशीनंतर दुसरं कोण दारात उभं करणार?

दुखणं कुठे आहे ते मला ठाऊक होतं. एका बिलामागे लहान लहान प्रोग्रॅमची वरात असते. एक भाव बघतो, एक माल बघतो, एक पत्ता. आणि प्रत्येक जण गिऱ्हाइकांची फाईल स्वतः उघडतो, काम करतो, बंद करून जातो. गोदामातून एकेक बल्ब आणायचा आणि दर खेपेला शटर वर, शटर खाली. वेळ बल्बला लागत नाही, शटरला लागतो. मग मी ठरवलं की पहिल्याने फाईल उघडायची आणि बाकीच्यांनी तीच उघडी फाईल वाटून घ्यायची. शटर एकदाच वर. बिल भर्रकन आलं. मी खोलीतल्या खोलीत, कुणी बघत नाही असं पाहून, एक गिरकी घेतली.

दुसऱ्या दिवशी सदाशिव पेठेतल्या एका दुकानदारांचा फोन आला. वारज्याच्या गिऱ्हाइकाने मागवलेल्या बेल त्यांच्या दारात येऊन पडल्या होत्या. आवाज अगदी शांत. "अहो, आमच्या दुकानाची बेल कायम बंद असते. लोकांनी वाजवू नये म्हणून. आणि आपण पेटीभर पाठवल्यात. काही सुचवायचंय का?"

मी क्षमा मागितली आणि घरी जाऊन आडवा झालो. उशाशी वाचनालयातली कादंबरी होती. आमच्या घरी एका वेळी एकच पुस्तक येतं आणि नवरा-बायको ते आळीपाळीने वाचतो. खूणही एकच, जुना बसपास. मी वाचून खूण पुढे सरकवली, तेव्हा लक्षात आलं की ती बायकोच्या पानावर होती. ती चहा घेऊन आली. मी म्हटलं, तुझं पान गेलं.

"छे हो. मी आकडा लक्षात ठेवते. तुमच्या खुणेवर विश्वास ठेवला असता, तर आजवर एक पुस्तक पुरं झालं नसतं."

मी ताडकन उठून बसलो. चहा चादरीवर, आणि त्याबद्दल जे ऐकून घेतलं ते वेगळं.

फाईल वाटून घेतली की तिच्यातलं बोटही, म्हणजे वाचता वाचता कुठल्या ओळीवर आलो ती खूण, वाटलं जातं. पूर्वी प्रत्येक प्रोग्रॅमचं बोट आपापल्या ओळीवर असायचं. आता बोट एकच. पहिला वारज्याच्या नावावर बोट ठेवून दुसऱ्याला हाक मारतो. दुसरा, या गिऱ्हाइकाची आणखी शाखा आहे का बघायला, पुढच्या नावावर सरकतो आणि बोट तिथेच ठेवून परततो. पुढचं नाव सदाशिव पेठेचं. पहिला बिचारा डोळे मिटून तोच पत्ता उचलतो.

मग मी प्रत्येकाला बायकोची शिस्त लावली. हाक मारण्याआधी गिऱ्हाइकाचा क्रमांक स्वतःपाशी जपायचा, परत आल्यावर बोटावर विसंबायचं नाही, क्रमांकावरून ओळ पुन्हा शोधायची. फाईल उघडीच असल्याने शोधायला क्षणही लागत नाही.

दिवाळीआधी मालकांनी परीक्षा घेतली. चहा सांगितला आणि बिल करायला लावलं. प्रिंटर थांबला तेव्हा चहावाला अजून रस्ता ओलांडत होता. मालकांनी बिल दोन्ही बाजूंनी पाहिलं, चहा स्वतः प्यायले आणि म्हणाले, "राहू दे मशीन. चहा बंद करू."

त्याच आठवड्यात बेलवाले दुकानदार माल घ्यायला स्वतः आले. नेहमीच्या खुर्चीवर टेकतात न टेकतात तोच हातात बिल. पत्ता त्यांनी दोनदा वाचला, बरोबर होता. तरी ते उठेनात. रिकाम्या स्टुलाकडे, जिथे चहा ठेवत असत, बराच वेळ बघत राहिले.

"पूर्वीचं मशीन बरं होतं हो," ते म्हणाले. "माणसाला बसू द्यायचं."