दुसरा डोळा राहिला

नवरा जाऊन वर्षही झालं नव्हतं, तेव्हा बेचाळिसाव्या वर्षी ती पार्लरमध्ये पापण्या लावायचं काम शिकू लागली. तयार कपड्यांच्या कारखान्यात काजं-बटणं करून बोटं तयार झाली होती, त्यामुळे चिमटा हातात चटकन बसला. घोडं अडायचं ते लांबीपाशी. ट्रेमध्ये आठपासून चौदा मिलिमीटरपर्यंतचे कृत्रिम केस ओळीने लावलेले असत आणि तिचा हात दर वेळी लांब केसांकडे वळे.

"काकू, मूळ पापणीपेक्षा दोन-तीन मिलिमीटर जास्त, बस," पार्लरच्या मॅडम बजावत. "नाजूक केसाला ओझं झालं तर तो मुळासकट येतो."

सरावासाठी कुणीतरी जिवंत माणूस हवं होतं. तिने धाकट्या नणंदेला बोलावलं. घरात सगळे तिला छकू म्हणत.

"वहिनी, दादासारख्या लांब कर," आडवी होत छकू म्हणाली. "सगळी चांगली पापणी त्यानेच नेली. माझ्या वाट्याला हा झाडू आला."

दोघी हसल्या. तिने छकूची पापणी मोजली. जेमतेम सात. कोपऱ्याला आठ, मध्ये नऊ, कडेला दहा, असं ठरवून तिने काम सुरू केलं. उजवा डोळा तासाभरात झाला. डाव्याला हात घातला तेवढ्यात मिटल्या डोळ्यांनीच छकू बोलली.

"दादा गेला त्या दिवशी त्याने मला फोन केला होता. छातीत दुखतंय, गाडी घेऊन ये म्हणाला. आमचं जमिनीवरून भांडण चालू होतं ना, मला वाटलं नाटक करतोय. मी फोन ठेवून दिला."

पापणीखालून पाणी आलं आणि ओला ग्लू पांढरा पडला. वहिनीने ते कोरड्या कापसाने टिपलं, पुन्हा केस उचलला. पुन्हा पाणी. मग तिलाच दिसेनासं झालं. "आज एवढंच," ती म्हणाली आणि चिमटे धुवायला निघून गेली.

छकू एक डोळा सजवलेला घेऊन घरी गेली.

पुढे बारा दिवस तिने छकूला फोन केला नाही. राग होता. नवऱ्याने आपल्याला कामावर फोन न करता बहिणीला केला, याचाही होता. तेराव्या दिवशी तिने केला, तर छकूच्या नवऱ्याने उचलला. "तिने सगळ्या उपटून टाकल्या, वहिनी. स्वतःच्यासुद्धा."

ती तशीच उठून त्यांच्या घरी गेली. छकू स्वयंपाकघरात पाठ करून उभी होती. वहिनीने तिला खिडकीपाशी बसवलं, हनुवटी धरून उजेडात वळवली. उजवी पापणी सुजलेली, किनार पूर्ण बोडकी.

"येतील का गं परत?"

"येतील. दोन-तीन महिने लागतील. चोळू नकोस."

"आणि तू? तू येशील परत?"

 वहिनीने पर्समधून औषधी मलम काढलं, करंगळीवर घेतलं आणि छकूला डोळा मिटायला सांगितलं.