धुतलेली बाटली

बाबा अजून पाहुण्यांना सांगतात, "त्या बाईनं आमच्या पोरीचं वाटोळं केलं." ऐकलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

ती बाई म्हणजे डोपिंग तपासणीच्या अधिकारी. इकडे हिंदी मुलखात, कारखान्याच्या टाऊनशिपमधल्या बरखेड्याच्या मैदानावर मी गोळाफेकीत सुवर्णपदक मिळवलं होतं. त्यावर खेळाडूंच्या कोट्यातून कारखान्यातली नोकरी जवळजवळ पक्की होती. बाईंनी शांतपणे सांगितलं, लघवीचा नमुना त्यांच्यासमोरच द्यायचा, तोवर नजरेआड व्हायचं नाही. बाटली कुणी बदलू नये म्हणून. माझी काही हरकत नव्हती, चहापलीकडे मी काही घेतच नव्हते. पण उन्हात एवढा घाम गाळल्यावर लघवी येते कुठली! पाणी पीत बसले.

तेवढ्यात जेवणाचा भोंगा झाला आणि बाबा आले. कारखान्यात फोरमन, घरातही फोरमनच. "इथं कशाला ताटकळायचं? क्वार्टर समोर आहे, घरून बाटलीत आणू." टाऊनशिपच्या दवाखान्यात सगळे तसंच नेत ना! बाई नको नको म्हणत असताना त्यांनी मला हाताला धरून ओढत नेलं. आईनं खोकल्याच्या औषधाची बाटली गरम पाण्यानं धुऊन दिली. मी ती भरून दिली, ती मिरवत बाबा मला घेऊन ऐटीत परत आले आणि वर म्हणतात कसे, "लीजिए मॅडम, एकदम ताजा है!"

बाईंनी बाटलीला हात लावला नाही. अजूनही इथं दे म्हणाल्या, नाहीतर नकार धरला जाईल, बंदी येईल.

"हमारी लड़की किसी के सामने नहीं बैठेगी!" बाबा कडाडले.

बाई त्यांच्याकडे बघतही नव्हत्या. मला म्हणाल्या, "बेटा, तुम बताओ, तुम्हें क्या करना है?"

मी तोंड उघडलं.

"वो क्या बताएगी!" म्हणत बाबा मला घेऊन निघाले.

बंदी आली. पदक गेलं, नोकरी गेली. कॉलनीभर कुजबुज, पोरगी काहीतरी खातच असणार. कसली डोंबलाची अब्रू वाचवली हो यांनी?

परवा अयोध्या नगरला भावाची वास्तुशांत होती. भर पंगतीत बाबांनी पुन्हा तेच सुरू केलं. मी श्रीखंडाचं पातेलं खाली आदळलं.

"बाबा, मला काय हवंय ते त्या दिवशी एकाच माणसानं विचारलं. त्याच बाईंनी. तुम्ही आजवर विचारलेलं नाही."

बाबांनी ताट पुढं सरकवलं.

"श्रीखंड वाढ," म्हणाले.