पायाखालची विडी

विडी नसायचीच, तरी तो विझवायचा. कुठं उभा राहिला की उजवी टाच उचलायचा आणि चवड्यावर पाय गर्रकन फिरवायचा, खाली जळती विडी असावी तसा. नळावर पाणी भरताना तसाच, माझ्या स्वयंपाकघराच्या दारात ताटाची वाट बघताना तसाच. काशीत बालाजी घाटावरच्या आमच्या गल्लीत बायका विचारायच्या, हा ओढतो तरी कधी? धूर कुणीच पाहिला नव्हता.

साताऱ्याकडचा होता. दारातून आत यायचं तर वाकायला लागायचं, वर तिरपंही व्हायला लागायचं. रेल्वेच्या कारखान्यात बॉक्सिंगवर कच्च्या नोकरीला लागला होता. हेवीवेट म्हणायचे त्याला. मला वाटलं, वजनं उचलतो. मालक गेल्यावर मी परगावच्या नोकरदार मुलांना जेवायला घालत होते, त्यातलाच हा एक. फक्त याच्या ढीगभर पोळ्यांची कणीक निराळ्या परातीत मळायची.

काशीत मुक्कीची, म्हणजे ठोशांच्या झुंजीची, हौस जुनी. समोरचा पानवाला स्वतःला त्यातला उस्ताद समजायचा, मनगटावर त्याचा सगळा भरवसा. दुकानातून ओरडायचा, “पहलवान, असली चीज कलाई है! कलाई बनाओ!”

हा हसून मान हलवायचा. आत येऊन मला म्हणायचा, “हात बघू नका काकू, टाच बघा. हात निस्ता डाकिया. चिठ्ठी टाच लिहिते.”

मी म्हणायची, “तुझ्या टाचेला लिहिता येतं, मला मेलीला येत नाही.”

तुम्ही त्याला हे दाखवताना बघायला हवं होतं. एवढा मोठा माणूस, पण हलायचा इतका हळू. आधी टाच वळायची, विडी विझवल्यासारखी, मग गुडघा, मग कंबर फिरायची, मग खांदा. हात सगळ्यात शेवटी. मूठ सैल ठेवायची, चिमणीचं पिल्लू धरल्यागत, आणि लागताना तेवढी आवळायची. समोरचा अंगावर चालून येत असला तर फारच बरं, म्हणायचा, निम्मा जोर तोच घेऊन येतो.

“आणि मानसाला मारायचंच न्हाई, काकू. त्याच्या मागच्या भित्तीला मारायचं. मानूस मधी येतो.”

हसतच म्हणाला. मी मात्र पाठीमागच्या भिंतीपासून दूर सरकले.

त्या थंडीत कारखान्यातून सांगणं आलं. दुसऱ्या शहरातल्या हेवीवेटशी मुकाबला. जिंकलास तर नोकरी पक्की, हरलास तर गावी जा. गावी त्याची आई आणि नवी बायको मामाच्या दारात दिवस काढत होत्या. पक्की नोकरी म्हणजे क्वार्टर, आणि क्वार्टर म्हणजे दोघी इकडे. दुसऱ्याच्या दारातला घास कसा असतो ते मला कुणी सांगायला नको.

आणि नेमकी टाच फुटली. पहाटे घाटाच्या पायऱ्या अनवाणी पळत चढायचा. गार दगडानं उजव्या टाचेला भेग पडली, बोट जाईल एवढी. माझ्या फरशीवर रक्ताचे ठिपके दिसले तेव्हा मला कळलं.

“सायबाला सांगू नका,” म्हणाला. “नाव कापतील.”

माझं माहेर कोकणातलं. आईनं दिलेला कोकमाच्या तेलाचा गोळा मी फडक्यात बांधून ठेवला होता. झिजून लिंबाएवढा उरला होता. इकडे तो मिळत नाही, आणि पाठवायला आईही राहिली नव्हती. पळीत वितळवला, आणि कडकडीत तेल भेगेत ओतलं. त्यानं दाराची चौकट धरली. चौकटीशेजारचा पोपडा गळून पडला.

रोज दुपारी ओतत होते. भेग बुजत आली, गोळा संपला. पण त्यानं विडी विझवणं सोडलं. दोन्ही पाय सपाट ठेवून उभा राहायचा. पानवाला म्हणाला, “चलो, सुधर गया.” मला मात्र घोर लागला.

मुकाबल्याच्या दुपारी पानवाल्याला बरोबर घेऊन रेल्वेच्या मैदानावर गेले. दोर बांधलेला चौकोन, भोवती नुसते पुरुष. समोरचा गडी लांब हातांचा. पहिल्या फेरीत यानं मार खाल्ला, दुसरीतही खाल्ला. डोळा मिटला, ओठ फुटला.

पानवाला विडी चावत म्हणाला, “कलाई कच्ची है, चाची. हम तो पहले ही बोले थे.”

मी हात बघतच नव्हते. त्याचा उजवा बूट खालच्या फळीला चिकटलेला होता. तोंडावर बसणाऱ्या ठोशांना तो भीत नव्हता, भेग उघडेल म्हणून भीत होता. शेवटची फेरी सुरू झाली. मालक गेले तेव्हा मी गळा काढला नव्हता. त्या दिवशी निघाला.

“विडी! अरे, विडी विझव!”

पानवाला दचकला. तोंडातली विडी काढून चपलेखाली चिरडली. “लो चाची, बुझा दी. हमसे काहे बिगड़ती हो?” आजूबाजूचे हसले.

तिकडे टाच उचलली गेली.

समोरचा चालूनच येत होता. हात मला दिसलाच नाही. ओलं पोतं पडावं तसा आवाज झाला आणि तो गडी आडवा. लोक उठून ओरडायला लागले. आमचा कोपऱ्यात उभा, वाकून त्या पडलेल्याकडे बघत. तो हलेना. खूप वेळानं हलला, उठून बसला, पाणी मागितलं. तेव्हा आमचा दोर धरून मटकन खाली बसला. बुटातून रक्त येत होतं.

मी जवळ गेले तर म्हणाला, “भित्तीलाच मारलं हुतं काकू. मधी मानूस हुता.”

नोकरी पक्की झाली. आई आली, बायको आली, माझ्याकडचं ताट बंद झालं. मग बदल्या झाल्या. नोकरी मुठीवर मिळालेली, ती मुठीवरच टिकवायची. किती वर्षं मारलं, किती खाल्लं, देव जाणे.

मधे बराच काळ गेला. एकदा बायको त्याला घेऊन आली, काशी करायला. जीभ जड झालेली. चहा बशीत सांडत होता. माझ्याकडे परक्या बाईकडे बघावं तसं बघितलं.

“डोक्याला मार बसून बसून असं झालंय,” ती म्हणाली. “ओळखलं नाही त्यांनी. राग मानू नका, काकू.”

राग कसला. दोघं निघाले. त्याचं अंग आटलं होतं, आता दार त्याला मोठं झालं होतं. तरी वाकला, तिरपा झाला. उंबऱ्याबाहेर उभा राहिला आणि उजवी टाच उचलली गेली. पाय हळूहळू फिरायला लागला.

“हे एवढं राहिलंय बघा,” ती म्हणाली. “विडीला तर जन्मात शिवले नाहीत.” आणि त्याचा दंड धरून ओढायला लागली.

मी तिचा हात धरला. म्हटलं, विझेपर्यंत थांब.