बिल्ल्यावरचं आडनाव

"सिस्टर, आडनाव काय म्हनायचं तुमचं?"

माझ्या वॉर्डातल्या आप्पांनी विचारलं तेव्हा त्यांचे दोन्ही हात माझ्या गळ्यात होते. खुब्याचं ऑपरेशन झालेलं. पलंगावरून उचलून खुर्चीत बसवत होते मी. एकटीच. वॉर्डबॉय त्यांच्याच पाहुण्यांसाठी चहा आणायला पिटाळलेला. माझा बिल्ला एप्रनखाली झाकलेला.

मी आडनाव सांगितलं. आमच्याकडे आडनाव सांगितलं की जात सांगून होते. आप्पांनी हात काढून घेतले. तसेच, अधांतरी. सगळा भार माझ्यावर आला. मी त्यांना पडू दिलं नाही. खुर्चीत बसवलं आणि मग माझी कंबर गेली. फरशीवर बसले ते उठताच येईना.

काय सोवळं! आल्या दिवसापासून यांची लघवीची पिशवी मीच रिकामी करत होते. तेव्हा नाही विचारलं आडनाव.

मुलगा धावत आला. आप्पांकडे. मारुंजीत यांच्या इमारती, आयटीतली पोरं भाड्याने राहतात. मला म्हणाला, "वडील जुन्या वळणाचे आहेत, ताई. मनावर घेऊ नका."

मनावर कुठलं, कमरेवर घेतलं होतं मी.

मणक्यातली गादी सरकली होती. पट्टा बांधून घरी पडून राहिले. आई मोरीपर्यंत धरून न्यायची. रडले, खोटं कशाला बोलू? डॉक्टर म्हणाले, आता कुणाला उचलायचं नाही, म्हणजे वॉर्ड संपला. आणि वॉर्ड सोडून मला दुसरं काही नको होतं.

कामावर गेले तर मॅट्रन मॅडमनी केबिनमध्ये बोलावलं. म्हणाल्या, वाकायची पद्धत चुकली तुझी. वर उपकार केल्यासारखं रिसेप्शन देऊ केलं. बसून काम, एसी. तक्रार तेवढी करायची नाही. आणि नवा बिल्ला पुढे सरकवला. त्यावर नुसतं पहिलं नाव.

"पेशंटला बरं वाटतं गं. तुलाही त्रास नको."

त्रास! हात काढले त्याने, कंबर माझी मोडली, आणि लपवायचं काय, तर माझं आडनाव. शिकल्यासवरलेल्या बाईचं हे डोकं. कीवसुद्धा येईना.

"मॅडम, ही खुर्ची तुम्हालाच लखलाभ," म्हटलं. आप्पांनी काय केलं ते तिथेच लिहून त्यांच्या टेबलावर ठेवलं आणि निघाले.

आता चाकणला एका कंपनीच्या दवाखान्यात आहे. इथे उचलायचं नसतं. कापलेली बोटं, भाजलेले हात, डोळ्यांत गेलेला चुरा. वॉर्डची आठवण येते. येणारच.

परवा एक साहेब तळहात चिरून आले. रुमाल लाल झालेला. मी हातमोजे चढवले आणि पूर्ण नाव सांगितलं, आडनावासकट. ते बघतच राहिले. म्हणाले, मी कुठे विचारलं?

विचारायची वेळ मी आता कुणावर येऊ देत नाही. आधी माझं आडनाव ऐकायचं, मग जखम पुढे करायची. ज्याला चालत नसेल त्याने हात काढून घ्यावा. दार उघडं आहे. रक्त त्याचं सांडेल, कंबर माझी जाणार नाही.